कॅनडात रुग्णाभिमुख आरोग्य संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी निधी कसा उभारावा

कॅनडातील विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्य, नर्सिंग, फिजिओथेरपी, पुनर्वसन किंवा आरोग्यसेवा संशोधन या विषयांत मास्टर्स अथवा पीएच.डी. करायला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची निधीविषयीची चौकशी बहुधा एकाच प्रश्नापासून सुरू होते : शिष्यवृत्ती कोणती आणि किती? प्रश्न रास्त आहे, पण रुग्णाभिमुख संशोधनाच्या बाबतीत तो अर्धाच आहे. या प्रकारच्या संशोधनाला दोन वेगवेगळ्या पैशांची गरज असते. एक पैसा विद्यार्थ्याच्या निर्वाहाचा आणि शुल्काचा. दुसरा, संशोधनात भागीदार म्हणून काम करणाऱ्या रुग्णांच्या मानधनाचा, प्रवासाचा आणि त्यांना सहभागी होता यावे म्हणून लागणाऱ्या सोयींचा. पहिला कोठून मिळतो याची माहिती विद्यार्थी चिकाटीने गोळा करतात, आणि दुसऱ्याचा विचार पहिल्या बैठकीची तारीख ठरेपर्यंत कोणाच्याही मनात येत नाही. तेव्हा मात्र उशीर झालेला असतो, कारण त्या खर्चाची तरतूद ज्या अर्जात व्हायला हवी होती तो अर्ज केव्हाच रवाना झालेला असतो. म्हणून या दोन्ही पैशांची आखणी आरंभीच आणि स्वतंत्रपणे कशी करावी, हे पुढे सांगितले आहे.

आधी कोणते संशोधन रुग्णाभिमुख मानले जाते ते स्पष्ट असायला हवे, कारण अर्ज बाद होण्याचे मूळ अनेकदा येथेच असते. कॅनडात आरोग्य संशोधनाला केंद्र सरकारचा निधी ‘कॅनेडियन इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ रिसर्च’ म्हणजे सीआयएचआर ही संस्था देते. २००० साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या छत्राखाली १३ संशोधन संस्था आहेत. २०११ साली सीआयएचआरने प्रांतिक सरकारे आणि इतर भागीदारांसह रुग्णाभिमुख संशोधनाचे राष्ट्रीय धोरण सुरू केले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘स्पोर’ म्हणून ओळखले जाते. रुग्णांना भागीदार म्हणून सामील करून घेणारे, रुग्णांनी महत्त्वाचे ठरवलेल्या प्रश्नांवर लक्ष देणारे आणि रुग्णांच्या प्रकृतीत व अनुभवात सुधारणा घडवू पाहणारे संशोधन, अशी या धोरणाची भूमिका आहे. ‘रुग्ण’ या संज्ञेत आजाराचा स्वतः अनुभव घेतलेली व्यक्ती तर येतेच, शिवाय तिची काळजी घेणारे कुटुंबीय आणि मित्रही येतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या रुग्ण-सहभागाच्या आराखड्यात सर्वसमावेशकता, पाठबळ, परस्पर आदर आणि एकत्र उभारणी ही चार तत्त्वे सांगितली आहेत.

यावरून एक गोष्ट उघड होते. दोनशे रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेणारा किंवा त्यांच्या रक्ताचे नमुने तपासणारा अभ्यास कितीही मोलाचा असला, तरी तेवढ्याने तो रुग्णाभिमुख ठरत नाही. तेथे रुग्ण माहिती देतो. येथे तो प्रश्न ठरवतो, पद्धतीवर मत देतो आणि निष्कर्षांचा अर्थ लावण्यात भाग घेतो. भारतातून एमबीबीएस, बीपीटीएच किंवा बीएस्सी नर्सिंग करून आलेल्या विद्यार्थ्याला हा फरक समजायला वेळ लागणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडील प्रबंधांत विषय मार्गदर्शक देतात आणि रुग्ण बाह्यरुग्ण विभागात भेटतात, अशीच रीत बहुतेकांनी पाहिलेली असते.

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या ‘जेम्स लिंड अलायन्स’ने रुग्ण, काळजीवाहक आणि वैद्यकीय व्यावसायिक यांना एकत्र बसवून संशोधनाचे अग्रक्रम ठरवण्याची पद्धत घडवली. तीच पद्धत वापरून कॅनडात डायलिसिसवर असलेल्या किंवा त्या टप्प्याजवळ आलेल्या रुग्णांसाठी संशोधनाचे दहा प्रमुख प्रश्न निश्चित करण्यात आले आणि २०१४ साली ते प्रसिद्ध झाले. त्या दहांमध्ये अंगाला सुटणाऱ्या खाजेचा प्रश्न होता. रक्तातील घटकांच्या पातळ्या मोजण्यात गुंतलेल्या संशोधकाला हा विषय कदाचित सुचला नसता. रात्र रात्र झोप न लागणाऱ्या माणसाला मात्र तो सर्वांत आधी सुचतो. पुढील विवेचनात हेच उदाहरण धरून चालू : एखाद्या विद्यार्थिनीला डायलिसिसवरील रुग्णांच्या खाजेवर पीएच.डी.चे काम करायचे आहे, असे समजावे.

पहिला पैसा : स्वतःचा निर्वाह

शोध विद्यापीठापासूनच सुरू करावा. कॅनडात संशोधनाधारित पीएच.डी.च्या प्रवेशपत्रासोबत बहुधा किमान आर्थिक साहाय्याची हमी येते. त्यात विद्यापीठाची फेलोशिप, अध्यापन साहाय्यकाचे वेतन आणि मार्गदर्शकाच्या अनुदानातून मिळणारा स्टायपेंड यांचे मिश्रण असते. केवळ अभ्यासक्रमावर आधारलेल्या मास्टर्सला अशी हमी क्वचितच मिळते, हे प्रवेश घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. प्रबंधासह मास्टर्स आणि प्रबंधाविना मास्टर्स यांतील निवड ही आर्थिक निवडही असते. हमीचा आकडा शुल्क वजा करून सांगितला आहे की शुल्कासह, हे लेखी विचारावे. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्काबाबतही विद्यापीठागणिक धोरण बदलते : टोरांटो विद्यापीठाने सप्टेंबर २०१८ पासून बहुतेक परदेशी पीएच.डी. विद्यार्थ्यांना देशी विद्यार्थ्यांइतकेच शुल्क लागू केले. अशा एका निर्णयाचे मोल कित्येकदा एखाद्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त असते, आणि तरीही विद्यापीठांची तुलना करताना विद्यार्थी केवळ स्टायपेंडचे आकडे शेजारी शेजारी मांडतात.

त्यानंतर केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या. मास्टर्सची केंद्रीय शिष्यवृत्ती २००३ पासून १७,५०० कॅनेडियन डॉलरवरच थांबली होती. २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर ती वर्षाला २७,००० डॉलर झाली, तर पीएच.डी.साठी वर्षाला ४०,००० डॉलर ही एकसमान रक्कम ठरली. सप्टेंबर २०२४ पासून हे दर लागू झाले. त्याच वेळी निरनिराळ्या नावांच्या योजना एकत्र करून मास्टर्स, डॉक्टरेट आणि पोस्टडॉक्टरेट अशा तीन पातळ्यांची एकच रचना करण्यात आली. पूर्वी वर्षाला ५०,००० डॉलर देणारी प्रतिष्ठेची व्हॅनिएर शिष्यवृत्तीही त्या ओघात बंद होऊन नव्या रचनेत सामावली गेली. त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांकडून मिळालेली योजनांची नावे आणि रकमा तशाच गृहीत धरू नयेत, चालू वर्षाची सूचना मुळातूनच वाचावी.

येथे नागरिकत्वाचा प्रश्न निर्णायक ठरतो. मास्टर्सची केंद्रीय शिष्यवृत्ती कॅनडाचे नागरिक, पीआर म्हणजे कायम रहिवासी आणि संरक्षित व्यक्ती, म्हणजे निर्वासित म्हणून आश्रय मिळालेले, यांच्यापुरतीच आहे. स्टडी परमिटवर आलेल्या विद्यार्थ्याने त्यासाठी वेळ घालवू नये. डॉक्टरेट पातळीवर मर्यादित संख्येने परदेशी विद्यार्थ्यांना वाव आहे. जे आईवडिलांबरोबर लहानपणी ब्रॅम्प्टन, मिसिसागा किंवा कॅलगरीला आले आणि तेथेच वाढले त्यांना सर्व दारे उघडी असतात, आणि नुकत्याच पुण्याहून किंवा नागपूरहून पोहोचलेल्या विद्यार्थ्याला निम्मी. दोघांनी एकमेकांचे सल्ले जसेच्या तसे उचलू नयेत.

केंद्रीय शिष्यवृत्त्या तीन संस्थांमार्फत दिल्या जातात : आरोग्यासाठी सीआयएचआर, नैसर्गिक विज्ञान व अभियांत्रिकीसाठी दुसरी आणि समाजविज्ञान व मानव्यविद्यांसाठी तिसरी. एका वर्षात सर्वसाधारणपणे यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र किंवा समाजकार्य विभागात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा येथे घोटाळा होतो. विभाग समाजविज्ञानाचा असला तरी संशोधनाचे मुख्य उद्दिष्ट आरोग्य असेल, तर अर्ज सीआयएचआरकडेच जायला हवा, आणि चुकीच्या दारी दिलेला अर्ज गुणवत्तेचा विचार होण्यापूर्वीच अपात्र ठरू शकतो. रुग्णाभिमुख कामात समाजशास्त्रीय पद्धती विपुल प्रमाणात वापरल्या जातात, म्हणून ही बाब विभागाच्या पदव्युत्तर कार्यालयाशी बोलून आधीच निश्चित करावी.

प्रांतांच्या योजना हा तिसरा थर. ऑन्टॅरिओ प्रांताची पदव्युत्तर शिष्यवृत्ती एका सत्राला ५,००० डॉलर, म्हणजे तीन सत्रांच्या वर्षाला १५,००० डॉलर देते; त्यातील दोन तृतीयांश वाटा प्रांताचा आणि एक तृतीयांश विद्यापीठाचा असतो. ती थोड्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते, पण केंद्रीय शिष्यवृत्तीबरोबर ती एकाच वेळी घेता येत नाही. क्यूबेकची स्वतःची संशोधन निधी संस्था आहे. रुग्णाभिमुख कामासाठी मात्र सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे स्पोर धोरणाखाली प्रांतोप्रांती उभारलेली सपोर्ट युनिट्स. केंद्र आणि प्रांत यांच्या समान वाट्यातून चालणारी ही केंद्रे संशोधन पद्धती, विदासंच म्हणजे डेटा मिळवणे, रुग्ण-सहभाग आणि प्रशिक्षण या कामांत संशोधकांना मदत करतात. अल्बर्टाच्या केंद्राने रुग्णाभिमुख संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी खास शिष्यवृत्त्या दिल्या आहेत. अशा योजना दरवर्षी निघतातच असे नाही, आणि निघाल्या तरी मुदत अल्प असते. म्हणून आपल्या प्रांतातील युनिटच्या वार्तापत्राची सदस्यता पहिल्याच सत्रात घ्यावी आणि शक्य तर तेथील प्रशिक्षण समन्वयकाला प्रत्यक्ष भेटावे.

स्पोर धोरणाने आजारनिहाय राष्ट्रीय जाळीही उभी केली : जुनाट वेदना, मधुमेह, मूत्रपिंडविकार, आतड्यांचे विकार आणि मेंदूच्या विकासाशी संबंधित अडचणी असलेली मुले यांच्यासाठी. मधुमेहाचे ‘डायबेटिस ॲक्शन कॅनडा’, मूत्रपिंडविकाराचे ‘कॅन-सॉल्व्ह सीकेडी’ आणि मुलांसाठीचे ‘चाइल्ड-ब्राइट’ ही त्यांतील काही नावे. या जाळ्यांपाशी अनुभवी रुग्ण-भागीदार असतात आणि विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रमही असतात. आपली खाजेवर काम करणारी विद्यार्थिनी मूत्रपिंडविकाराच्या जाळ्याशी पहिल्या वर्षीच जोडली गेली, तर तिला रुग्ण, सहमार्गदर्शक आणि पुढील अर्जासाठी शिफारसपत्र देऊ शकणारी व्यक्ती या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळू शकतात. शिवाय आजारांशी निगडित धर्मादाय संस्था असतात, जसे ‘किडनी फाउंडेशन ऑफ कॅनडा’ किंवा ‘कॅनेडियन कॅन्सर सोसायटी’. त्यांच्या शिष्यवृत्त्या कमी संख्येच्या, पण विषयाशी तंतोतंत जुळणाऱ्या असतात.

आणखी दोन मार्गांचा उल्लेख करायला हवा. सीआयएचआरच्या आरोग्यसेवा व धोरण संशोधन संस्थेने २०१७ साली सुरू केलेली ‘हेल्थ सिस्टिम इम्पॅक्ट फेलोशिप’ विद्यार्थ्याला रुग्णालय, आरोग्य प्राधिकरण किंवा तत्सम संस्थेत प्रत्यक्ष काम करण्याची संधी देते. विद्यार्थी-संशोधकांना उद्योग व इतर संस्थांशी जोडणाऱ्या ‘मायटॅक्स’ या ना-नफा संस्थेच्या ॲक्सेलरेट योजनेत भागीदार संस्था अर्धा वाटा उचलते आणि इंटर्नशिप किमान चार महिन्यांची असते, त्यात परदेशी विद्यार्थीही पात्र असतात, म्हणून स्टडी परमिटवरील विद्यार्थ्यांनी तिकडे आवर्जून पाहावे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी मायदेशातील काही योजनांचाही आधार आहे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. दोन्हींत उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. १८९२ साली स्थापन झालेले जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. या योजनांचा अर्ज प्रवेशाच्या वेळीच करायचा असतो. कॅनडात पोहोचून वर्ष झाल्यावर त्या आठवून उपयोग होत नाही.

एकाहून अधिक ठिकाणांहून पैसा मिळाला तर काय होते, हेही आधीच विचारून ठेवावे. बाहेरची शिष्यवृत्ती मिळताच विद्यापीठ किंवा मार्गदर्शक आपला वाटा कमी करतात, असे अनेक विभागांत घडते. काही विभाग उलट थोडी रक्कम वाढवून देतात. हे धोरण विभागाच्या नियमपुस्तिकेत असते आणि मार्गदर्शकाला अवघडल्याशिवाय विचारता येते. करांच्या बाबतीत, पात्र पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीवर सर्वसाधारणपणे आयकर लागत नाही, अध्यापन साहाय्यकाच्या वेतनावर मात्र तो लागतो.

वेळापत्रक

मास्टर्सच्या केंद्रीय शिष्यवृत्तीची मुदत वर्षानुवर्षे १ डिसेंबर ही राहिली आहे. डॉक्टरेटचे अर्ज बहुधा विद्यापीठामार्फत जातात आणि विद्यापीठाची अंतर्गत मुदत राष्ट्रीय मुदतीच्या आधी, सत्र सुरू होताहोताच येते. सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा विमानतळावर उतरलेल्या विद्यार्थ्याला हे कळेपर्यंत पहिले वर्ष हातचे जाते. ज्यांना प्रवेश निश्चित झाला आहे त्यांनी मे-जूनमध्येच मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार करून संशोधनाचा एक पानी मसुदा तयार ठेवावा.

गुणपत्रिकांची तजवीज तर त्याहूनही आधी करावी. महाराष्ट्रातील आरोग्यविज्ञानाच्या पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात, आणि अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मिळवण्याची प्रक्रिया सातासमुद्रापलीकडून करणे त्रासाचे असते. निघण्यापूर्वी सीलबंद प्रती जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात आणि श्रेणीपद्धतीचे स्पष्टीकरण देणारे पत्रही मागावे. शिफारसपत्रांपैकी एक भारतातील प्राध्यापकांचे असेल तर त्यांना अर्जाचा नमुना, आपल्या कामाची माहिती आणि मुदत किमान सहा आठवडे आधी पाठवावी. ‘अत्यंत मेहनती व आज्ञाधारक विद्यार्थी’ अशा धाटणीचे पत्र कॅनडातील परीक्षकांच्या लेखी फारसे मोलाचे ठरत नाही. विद्यार्थ्याने कोणती अडचण कशी सोडवली, रुग्णांशी कसे बोलला, कोणते काम स्वतःहून अंगावर घेतले, हे प्रसंगांसह लिहिलेले असावे. प्राध्यापकांना हे आदरपूर्वक सांगता येते, आणि बहुतेक जण त्याचे स्वागतच करतात.

अर्जात काय लिहावे

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी किमान दोन रुग्णांशी विषयावर बोलणे झालेले असावे, असा माझा आग्रह आहे. हे बोलणे माहिती गोळा करण्यासाठी नसते. आपला प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटतो का, हे समजून घेण्यासाठी असते. रुग्णालयाचे रुग्ण व कुटुंबीय सल्लागार मंडळ, सपोर्ट युनिट, आजारनिहाय जाळे किंवा धर्मादाय संस्था यांच्यामार्फत अशी भेट ठरवता येते. भागीदार म्हणून रुग्णांशी चर्चा करणे आणि अभ्यासाचे सहभागी म्हणून त्यांच्याकडून माहिती घेणे यांत कॅनडाच्या संशोधन-नैतिकतेच्या धोरणात फरक केला आहे. भागीदारीच्या सल्लामसलतीला सहसा नैतिकता मंडळाची मंजुरी लागत नाही. पण त्याच व्यक्तीची मुलाखत विदा म्हणून वापरायची असेल तर ती लागते. सीमारेषा धूसर वाटल्यास आपल्या विद्यापीठाच्या मंडळाला आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

मग अर्जात त्या भेटींचा परिणाम दिसू द्यावा. आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीने मुळात खाजेची तीव्रता मोजणारी श्रेणी आणि रक्तातील फॉस्फरसची पातळी यांचा संबंध तपासायचे ठरवले असेल, आणि रुग्णांनी तिला सांगितले असेल की तीव्रतेपेक्षा रात्री मोडणारी झोप आणि डायलिसिसच्या खुर्चीत चार तास स्वस्थ बसण्यातला त्रास जास्त छळतो, तर तिने झोपेचे मापन हा मुख्य निष्पत्तीचा घटक केला असे लिहावे, आणि तो बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला हेही नमूद करावे. ‘संशोधनाच्या सर्व टप्प्यांवर रुग्णांना सहभागी करून घेतले जाईल’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते आणि त्यामुळे परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. कोण, किती जण, कोणत्या टप्प्यावर, किती तास, कोणता निर्णय घेण्यासाठी, आणि मतभेद झाला तर अंतिम शब्द कोणाचा, एवढे जरी लिहिले तरी अर्जाला वजन येते. भागीदारांचा अधिकार किती याबाबत अतिशयोक्ती करू नये. प्रबंध विद्यार्थ्याचा असतो, तो समितीपुढे त्यालाच मांडायचा असतो आणि काही निर्णय विद्यापीठाच्या नियमांनी बांधलेले असतात. ही मर्यादा रुग्णांना आणि परीक्षकांना प्रांजळपणे सांगणे हाच सन्मान आहे.

सोप्या भाषेतील सारांश शेवटच्या रात्री उरकण्याची गोष्ट नाही. स्पोरच्या स्पर्धांत रुग्णही परीक्षक असतात आणि त्यांच्यापुढे मुख्यत्वे हाच सारांश बोलतो. तो लिहून झाल्यावर रुग्ण-भागीदाराला वाचायला द्यावा आणि जेथे तो अडखळेल तेथे वाक्य बदलावे. खासकरून इंग्रजीत दुसरी भाषा म्हणून लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना अवघड लिहिणे म्हणजे विद्वत्ता अशी सवय लागलेली असते. येथे ती बाजूला ठेवावी लागते. सहभागाची नोंद कशी ठेवावी यासाठी २०१७ साली प्रसिद्ध झालेली ‘ग्रिप-२’ ही तपासणीसूची आहे. अर्जातच तिचा उल्लेख करून नोंदी पहिल्या बैठकीपासून ठेवाव्यात, कारण प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी त्या आठवणीतून लिहिता येत नाहीत.

कॅनडात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे एक विशेष संधी असते. दक्षिण आशियाई समाजात मधुमेह आणि त्यातून येणारे मूत्रपिंडाचे विकार हा गंभीर विषय आहे, आणि टोरांटोजवळच्या पील परिसरात या समाजाची मोठी वस्ती आहे. मराठी, हिंदी किंवा पंजाबी येणारा विद्यार्थी अशा रुग्णांपर्यंत पोहोचू शकतो, ज्यांना इंग्रजीतील सल्लागार मंडळात बसायला संकोच वाटतो. अर्जात ही क्षमता अवश्य लिहावी. पण समाजाशी नाते असणे म्हणजे समाजाचे प्रतिनिधित्व करणे नव्हे. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या, सुशिक्षित आणि सुस्थित काकाकाकूंनाच भागीदार म्हणून बसवले, तर कारखान्यात रात्रपाळी करून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जाणारा माणूस पुन्हा बाहेरच राहतो. त्याला सायंकाळी सातची बैठक जमत नाही, आणि तो आला नाही म्हणून त्याला रस नाही असा अर्थ काढला जातो.

मूळनिवासी समाजांबरोबर काम करायचे असेल तर नियम अधिक कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. राष्ट्रीय नैतिकता धोरणाचे नववे प्रकरण फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेती समाजांतील संशोधनाविषयी आहे, आणि फर्स्ट नेशन्सच्या माहितीवर मालकी, नियंत्रण, प्रवेश आणि ताबा त्यांचाच असावा ही चार तत्त्वे पाळावी लागतात. असे नाते जुळायला वर्षे लागतात. मार्गदर्शकाचे ते आधीपासून नसेल, तर मास्टर्सच्या दोन वर्षांत हा विषय हाती घेऊ नये.

दुसरा पैसा : रुग्ण-भागीदारांचा खर्च

शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी असते. तिच्यातून रुग्णांचे मानधन देण्याची वेळ येऊ नये, आणि मानधनावाचून रुग्णांना राबवण्याची तर मुळीच नाही. बैठकीत डॉक्टर, प्राध्यापक आणि संशोधन साहाय्यक सगळे पगारी असतात. त्या टेबलापाशी एकटा रुग्णच विनामोबदला बसलेला असेल, तर परस्पर आदराचे तत्त्व कागदावरच राहते. केंद्रीय अनुदानातून रुग्ण-भागीदारांना मोबदला देता येतो आणि तो कसा द्यावा याविषयी सीआयएचआरने मार्गदर्शनही प्रसिद्ध केले आहे.

हिशेब असा मांडावा. समजा चार भागीदार आहेत, वर्षात दोन तासांच्या सहा बैठका आहेत आणि प्रत्येक बैठकीपूर्वी एक तासाचे वाचन आहे. म्हणजे प्रत्येकाचे १८ तास, चौघांचे ७२ तास. ताशी दर उदाहरणादाखल ३० डॉलर धरला तर मानधन २,१६० डॉलर होते. त्यात रुग्णालयातील पार्किंग, बसभाडे, लहान मुलांना किंवा आजारी जोडीदाराला सांभाळण्याचा खर्च, दुभाष्याचे शुल्क, मूत्रपिंडाच्या रुग्णांना चालेल असा अल्पोपाहार आणि एखाद्या भागीदाराला परिषदेला नेण्याचा खर्च मिळवावा. प्रत्यक्ष दर आपल्या विद्यापीठाच्या किंवा सपोर्ट युनिटच्या धोरणानुसार घ्यावा. एकूण आकडा फार मोठा होत नाही, आणि म्हणूनच तो मार्गदर्शकाच्या मुख्य अनुदानात आधीपासून समाविष्ट करून घेणे शक्य असते. ते अनुदान आधीच मंजूर झालेले असेल तर विभागाचा विद्यार्थी-संशोधन निधी, सपोर्ट युनिटची छोटी सहभाग-अनुदाने किंवा रुग्णालयाचे फाउंडेशन यांच्याकडे विचारणा करावी.

मानधन देण्याच्या पद्धतीत मात्र फार काळजी हवी. अपंगत्व भत्त्यावर किंवा सामाजिक साहाय्यावर जगणाऱ्या व्यक्तीच्या हाती आलेली रक्कम उत्पन्न म्हणून धरली जाऊन तिचा भत्ता घटू शकतो. म्हणून रक्कम घ्यावी की नाकारावी, कोणत्या रूपात आणि किती टप्प्यांत घ्यावी, हा निर्णय त्या व्यक्तीवर सोपवावा आणि त्यासाठी लागणारी माहिती तिला आधी द्यावी. प्रवासखर्च तिने आधी खिशातून करावा आणि पावत्या देऊन दोन महिन्यांनी परत मिळवावा, अशी अपेक्षा ठेवू नये. विद्यापीठाच्या लेखा विभागाची गती प्रत्येकाला परवडणारी नसते. आगाऊ बसपास किंवा टॅक्सीचे व्हाउचर देण्याची सोय होते का, हे पहिल्या बैठकीपूर्वी विचारून घ्यावे. विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर असे खर्च टाकता येत नसल्यास मार्गदर्शकाच्या कार्यालयातील कोण ते करील, हेही ठरवून ठेवावे.

आजाराच्या स्वरूपाचा विचारही आखणीत हवा. डायलिसिसचा रुग्ण उपचाराच्या दिवशी थकलेला असतो. भागीदारांपैकी एखाद्याला प्रत्यारोपणासाठी अचानक बोलावणे येऊ शकते, एखाद्याचे निधनही होऊ शकते. चार जणांची गरज असेल तर सहा जणांची तरतूद करावी, आणि कोणी मध्येच थांबला तर त्याला तोपर्यंतच्या कामाचे मानधन व श्रेय दोन्ही मिळेल असे लिहून ठेवावे. शोधनिबंधात सहलेखक म्हणून नाव हवे की ऋणनिर्देशात, हे भागीदाराला विचारावे. काहींना आपला आजार नावानिशी जाहीर झालेला नको असतो.

अर्ज नाकारला गेला तर

या स्पर्धांत चांगले अर्जही मागे राहतात. परीक्षकांचे अभिप्राय मिळतात तेथे ते मार्गदर्शकाबरोबर आणि रुग्ण-भागीदारांबरोबरही वाचावेत. भागीदारांपासून नकार लपवू नये. त्यांनी त्या अर्जासाठी वेळ दिलेला असतो. अभिप्रायात ‘सहभाग अस्पष्ट’ असे म्हटले असेल तर बैठकींच्या नोंदी उपयोगी पडतात, आणि ‘विषय रुग्णांच्या अग्रक्रमाशी जुळत नाही’ असे असेल तर बहुधा प्रश्नच बदलावा लागतो. दरम्यानच्या वर्षात सीआयएचआरचा रुग्णाभिमुख संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम किंवा सपोर्ट युनिटची कार्यशाळा पूर्ण करावी. कॅलगरी विद्यापीठाच्या ‘पेसर’ कार्यक्रमात तर रुग्णांनाच संशोधक म्हणून प्रशिक्षण दिले जाते. अशा प्रशिक्षित रुग्ण-संशोधकाबरोबर एखादा छोटा प्रकल्प करता आला, तर पुढच्या वर्षीच्या अर्जात लिहायला प्रत्यक्ष काम हाती असते. नैतिकता धोरणावरचा ‘कोअर’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहे आणि बहुतेक विद्यापीठांत मंजुरीसाठी तो आवश्यक असतो, तोही याच काळात संपवावा. आणि पुढील फेरीची विद्यापीठाची अंतर्गत मुदत त्याच आठवड्यात नोंदवून, भागीदारांबरोबरच्या पहिल्या बैठकीची तारीख तिच्या किमान तीन महिने आधीची ठरवावी.